कठड्यापासून तारेपर्यंत

आमच्या घरमालकांसमोर "इथून जवळच आहे" असं म्हणायची सोय नव्हती. लगेच प्रश्न यायचा, "कुठून कुठपर्यंत?" आपण बापडे म्हणायचो, इथून देवळापर्यंत. मग पुढचा प्रश्न, "इथून म्हणजे दारातून की फाटकातून? आणि देऊळ म्हणजे पायरी की गाभारा?" एवढं झाल्यावर माणूस देवळात जायचा बेतच रद्द करायचा. मी पहिल्यांदा जागा बघायला गेलो तेव्हा सहज म्हणालो, ओझरच्या कारखान्यात आहे, बस पंचवटीतून मिळते, म्हणजे हे घर मला जवळ पडेल. त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "विमानाच्या कारखान्यात काम करता आणि अंदाजे बोलता?" त्यानंतर त्या कारखान्यातली विमानं उडतात कशी, अशी शंका त्यांना आयुष्यभर राहिली असावी.

सर, म्हणजे हे घरमालक, तंत्रनिकेतनात इंजिनीअरिंग ड्रॉइंग शिकवून निवृत्त झाले होते. मखमलाबाद रस्त्याला त्यांनी दोन मजल्यांचं घर बांधलं होतं, खाली ते आणि काकू, वर भाडेकरू म्हणून मी. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. तिथल्या द्राक्षबागा मोडून प्लॉट पडत होते. बागांमधल्या पंपांसाठी पूर्वी ओढलेली अकरा हजार व्होल्टची लाईन मात्र जागच्या जागी राहिली होती. आधी तार आली, मग तिच्या खालून रस्ता आला, मग तिच्या शेजारी घरं आली. त्यामुळे दोष द्यायचा तर कोणाला, हेही कळत नव्हतं. आमच्या गच्चीच्या समोरून, रस्त्याच्या कडेने, त्या तीन तारा तिरप्या गेल्या होत्या. पहाटे दव पडलं की त्या गुणगुणायच्या. नव्या माणसाला तो आवाज रातकिड्यांचा वाटे.

त्या तारेला आपल्या घरातलं कोणी लागेल, ही सरांची भीती होती. त्यांना ही एकच भीती होती म्हणायला हरकत नाही. घर बांधताना त्यांनी नियम पाहिला होता, अंतर नियमात बसत होतं. "पण नियम भिंतीसाठी आहे हो," ते म्हणायचे. "भिंत हात वर करत नाही. भिंत वाळत घातलेली चादर झटकत नाही."

म्हणून त्यांनी आमचे हात मोजले. विनोद नाही. राहायला गेलो त्या पहिल्याच रविवारी त्यांनी मला जिन्याच्या भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि म्हणाले, "हात वर करा. टाचा उचला. आता उडी मारल्यासारखं करा." बोटांच्या टोकाशी त्यांनी पेन्सिलीने रेघ मारली आणि शेजारी तारीख घातली. तिथे आधीच्या भाडेकरूंच्याही रेघा होत्या. काकूंची रेघ सगळ्यात खाली होती. पुढे माझं लग्न झालं तेव्हा आम्ही सटाण्याहून वरात आणून दारात उतरलो, ओवाळणं झालं, माप ओलांडलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या नव्या नवरीला सरांनी जिन्यात उभं करून हात वर करायला लावला. ती माझ्याकडे बघून हळूच अहिराणीत म्हणाली, "हाई काय शे?" मी काय सांगणार? म्हटलं, इथली पद्धत आहे.

तार मोजायची तर तिला हात लावता येत नाही, टेप लावता येत नाही, काठीही नेता येत नाही. ज्या वस्तूपर्यंत पोचता येत नाही तिचं अंतर काढणं, हे सरांचं आवडतं काम. वर्गातला फळ्यावरचा मोठा लाकडी कोनमापक त्यांनी निवृत्त होताना मागून आणला होता. गच्चीवर त्यांनी बरोबर बारा फुटांवर दोन खिळे ठोकले होते. एका खिळ्यावर कोनमापक ठेवायचा, एक डोळा मिटून तारेवरचा ठरावीक चिमटा रोखायचा, कोन लिहायचा. मग दुसऱ्या खिळ्यावरून तेच. ओळंबा धरायला काकू. "जरा सरळ धर," सर म्हणत. "सरळच आहे, वारा आहे," काकू म्हणत. "मग वाऱ्याला थांबव." काकू ओळंबा तसाच टाकून भाजी बघायला खाली निघून जायच्या आणि तो दिवस फुकट जायचा. पण अशी चार-पाच मापं जमली की सर लॉगच्या जुन्या तक्त्यांतून आकडे काढत बसत, आणि संध्याकाळी चहाच्या वेळी निकाल सांगत. हिवाळ्यातल्या सकाळी कठडा ते तार, सात फूट चार इंच. मे महिन्यात भर दुपारी तार तापून झोळ खाते, तेव्हा ती वीतभर खाली येते. हे ते असं सांगत की जणू घरात कोणाला तरी ताप आलाय.

त्यांच्या बाहेरच्या खोलीत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत दोन दोरे ताणलेले होते, एक पांढरा, एक लाल. पांढरा म्हणजे आमचा कठडा, लाल म्हणजे तार. प्रमाणात. "हे बघा," ते मला समजावत, "या दोन रेषा समांतर नाहीत आणि एकमेकींना छेदतही नाहीत. असल्या दोन रेषांमधलं सगळ्यात कमी अंतर एकाच जागी असतं. फक्त एकाच. माणूस आपल्या समोर बघतो आणि म्हणतो, पुष्कळ लांब आहे. ती जागा त्याच्या समोर नसते." त्या एका जागी त्यांनी दोन दोऱ्यांमध्ये काडेपेटीतली काडी बांधून ठेवली होती आणि वर गच्चीत त्याच जागी कठड्यावर लाल ऑइलपेंटचा गोल काढला होता. काकू चहाचा ट्रे घेऊन त्या दोऱ्यांखालून अशा सराईतपणे वाकून येत की पाहुण्यांना वाटे, त्यांना पाठीचाच काही त्रास आहे.

या मोजामोजीवरून एकदा मोठं भांडण झालं. शेजारच्या प्लॉटवर पिंपळगावचे एक कांद्याचे व्यापारी राहायला आले होते. माणूस मनाने चांगला, आवाज बाजार समितीतला. एक दिवस त्यांनी बघितलं की सर कोनमापक लावून, एक डोळा मिटून, त्यांच्या घराकडे रोखून बघताहेत आणि काहीतरी लिहिताहेत, काकू ओळंबा धरून उभ्या. आमच्याकडे एवढं दिसलं की त्याचा एकच अर्थ होतो. ते तावातावाने जिना चढून वर आले.

"सर, मोजणी करायची असंल तर सरकारी आणा. आमची भिंत आमच्याच जागंत हाय. एक बोट पुढं नाय."

"मला तुमची जमीन मोजायची नाही," सर म्हणाले. "तुमच्या गच्चीवरची हवा मोजतोय."

"हवा?"

"त्या सळ्या आणि तार यांच्यामधली हवा."

व्यापाऱ्यांनी पुढेमागे वरचा मजला चढवायचा म्हणून खांबांच्या सळ्या पुरुषभर उंच बाहेर ठेवल्या होत्या. सगळेच ठेवतात. त्या सळ्यांना दोरी बांधून त्यांच्या घरातल्या बायका कपडे वाळत घालत. सरांनी सांगितलं की कोपऱ्यातली सळी आणि तार यांच्यात चार फूट दोन इंच उरतात, मेमध्ये आणखी कमी, आणि ओली साडी वाऱ्याने उडाली तर साडेतीन फूट जाते. व्यापारी थोडा वेळ तारेकडे, थोडा वेळ सरांकडे बघत राहिले. मग त्यांनी ओळखीतला एक वायरमन बोलावला. तो खालीच उभा राहिला, कपाळावर हात धरून वर बघत म्हणाला, "लय अंतर हाय. काय नाय व्हत." सर त्याला म्हणाले, "लय म्हणजे किती?" तो म्हणाला, "लय म्हंजे लय, सर." आणि सायकलवर बसून गेला. सर त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्यांनी मात्र मिस्त्री बोलावून कोपऱ्यातल्या सळ्या वाकवून घेतल्या. मला म्हणाले, "म्हाताऱ्याची झोप उडाली राव. आपल्याला नाय बघवत."

या सगळ्याचा मला त्या वयात वैताग यायचा हे कबूल करतो. टीव्ही घेतला तेव्हा सरांनी अँटेनाचा पाइप नऊ फुटांहून लांब लावू दिला नाही, आणि तोही मागच्या कोपऱ्यात, कारण पाइप बुंध्यातून उपटून पडला तर त्याचं टोक कुठवर येईल याचा त्यांनी गच्चीवर खडूने कमानीसारखा गोल काढला होता. सगळी गल्ली क्रिकेटचा सामना बघायची आणि आमच्या पडद्यावर बर्फ पडत असायचा. फलंदाज बाद झाला की नाही, हे आम्हाला व्यापाऱ्यांच्या घरातल्या आरड्याओरड्यावरून कळे. कारखान्यात मी सरांच्या नकला करायचो. डबा खाताना कोणी म्हणालं, जरा मीठ जवळ घे, की मी चष्मा नाकावर आणून विचारायचो, "कुठून कुठपर्यंत?" लोक हसायचे. मला ते आठवलं की आता बरं वाटत नाही.

गुढीपाडवा हा सरांचा वर्षातला सगळ्यात वाईट दिवस. गल्लीतलं प्रत्येक घर त्या दिवशी एक लांब बांबू घेऊन गच्चीवर चढतं. तो सकाळी धुतलेला, म्हणजे ओला. त्याच्या टोकाला तांब्याचा नाहीतर पितळेचा गडू, त्याखाली जरीची साडी. "एवढं सगळं विचार करून कोणी जुळवलं असतं तरी जमलं नसतं," ते म्हणायचे. आठ दिवस आधीपासून ते घरोघर जात. ज्याच्या त्याच्या गच्चीवर बांबू किती लांब चालेल, कुठे उभा करायचा, हे काढून देत. गेरूने खूण करत. आणि मग वहीचं पान फाडून एक चिठ्ठी देत. त्यावर बांबूची लांबी, तारेपासूनचं अंतर, खाली "ठीक" आणि सही. लोक हसत हसत घ्यायचे, पण घ्यायचे. काकू म्हणायच्या, "माझ्या माहेरी गुढीला कधी कोणी पट्टी लावली नाही. तिथे सगळे जिवंत आहेत."

आम्हाला मात्र त्यांनी दोन वर्षं घराच्या पुढच्या बाजूला गुढी लावू दिली नव्हती. लाल गोल आमच्याच दाराच्या वरच्या बाजूला होता ना. दोन्ही पाडव्यांना आमची गुढी मागच्या खिडकीत, शेजाऱ्यांच्या न्हाणीघराकडे तोंड करून उभी राहिली. तिसऱ्या वर्षी पाडव्याच्या आदल्या आठवड्यात बायकोने लग्नातला शालू पेटीतून काढून उन्हात टाकला आणि म्हणाली, "हा मागे नाही लावणार मी." मग मी खाली गेलो. मी सरांना बरंच बोललो. म्हटलं, सगळ्या गल्लीला चिठ्ठ्या देता, आम्हालाच का नाही? म्हटलं, सणासुदीला तिने हौस करायचीच नाही का? शेवटी असंही म्हणालो की भाडं देतो, फुकट राहत नाही. हे बोलायला नको होतं.  दुसऱ्या दिवशी ते दोनदा गच्चीवर जाऊन आले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी चिठ्ठी आणून दिली. बांबू अकरा फूट. कठड्याच्या आतून, सरळ उभा, तीन ठिकाणी सुतळीने बांधलेला. गुढीचा कोणताही भाग तारेपासून सात फुटांच्या आत येत नाही. पडू शकत नाही. ठीक. आणि सही.

पाडव्याच्या सकाळी बांधायला ते स्वतः आले. सुतळीच्या तीनही गाठी त्यांनी मारल्या, वर कोनमापक लावून बघितलं. शालू वाऱ्यावर फुलला. कडुलिंब, साखरेच्या गाठी, झेंडूची माळ, सगळं नीट झालं. बायको खाली रस्त्यावर जाऊन वर बघून आली. तिचा चेहरा बघून मला वाटलं, भांडलो ते बरं केलं. सर मात्र दुपारी बारापर्यंत आमच्या गच्चीवर खुर्ची टाकून बसले होते. गुढी हलली नाही. मग काकूंनी त्यांना जेवायला खाली नेलं. मी श्रीखंड-पुरीवर ताव मारला आणि पंखा लावून आडवा झालो.

संध्याकाळी काय घडलं, त्यातलं थोडं मी पाहिलं आहे आणि बाकीचं काकूंनी आणि बायकोने सांगितलेलं आहे.

पाच वाजून गेले होते. सर पेपर वाचत होते. काकू हळदीकुंकवाचं तबक घेऊन उठल्या आणि म्हणाल्या, "चला, आपली गुढी उतरवते." त्यांची गुढी खालच्या दाराशी होती, लहानशी. सर पेपरातून मान वर न करता म्हणाले, "सुतळी सोडायची आणि आत घ्यायची, त्यात काय." काकू म्हणाल्या, "तुम्ही कधी उतरवलीत? अशी सरळ आत घेतली तर साडी जमिनीवर लोळते, गडू डोक्यात पडतो. गच्चीवरची असली की बांबू कठड्यावर आडवा करायचा. डोकं बाहेर, बुंधा आपल्याकडे. मग हळूहळू आत ओढत गडू हाताशी आणायचा. वरच्या सूनबाईला सकाळीच सांगितलंय मी."

सरांनी उभं राहून पेपर खाली टाकला. काकू सांगतात, त्यांचा चेहरा पांढरा पडला. चौसष्ट वर्षांच्या आयुष्यात त्यांनी गुढी उभारली होती चाळीस वेळा तरी. उतरवली एकदाही नव्हती. माझ्या वडिलांनीही नव्हती, मीही नव्हती. आमच्यात सकाळी गुढी उभी करायला पुरुष पुढे, आणि संध्याकाळी ते झोपलेले. उतरवणं बायकांचं काम, ते कोणी बघतही नाही. उभी गुढी त्यांनी मोजली होती, पडणारी गुढी मोजली होती. आडवी होऊन कठड्याबाहेर डोकावणारी अकरा फुटी गुढी त्यांच्या हिशेबातच नव्हती.

ते गुडघ्यांनी अधू. जिना एकेक पायरी मोजत चढायचे. त्या दिवशी ते बनियनवर आमच्या दारावरून धावत वर गेले, त्या आवाजाने मला जाग आली. कोणी चोर बिर आहे की काय अशा विचारात मी चपला शोधत बसलो. त्या चपला शोधण्यात किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही.

बायको सांगते, तिने तीनही गाठी सोडल्या होत्या. बांबू कठड्यावर आडवा केला होता, अगदी लाल गोलावर. डोकं बाहेर गेलं होतं. बांबू जड, म्हणून तोल सावरायला ती बुंध्यावर वाकली होती आणि तिचं लक्ष हातांकडे होतं, टोकाकडे नव्हतं. शालूचा पदर वाऱ्याने उडत होता. तेवढ्यात मागून सर बोलले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर ती दचकली असती. वर्गात शेवटच्या बाकावरच्या पोराला सांगावं तसं ते हळू म्हणाले, "पोरी, आहेस तशीच राहा. पुढे नाही. मागे नाही. वर तर मुळीच नाही."

एरवी ते तिला वहिनी म्हणत. पोरी म्हणाले म्हणून तिला कळलं, आणि मग तिने टोकाकडे पाहिलं.

विजेला चिकटलेल्या माणसाला हात लावायचा नाही, हे सरांनी गल्लीतल्या प्रत्येक घरात जाऊन शिकवलं होतं. लाकूड घ्या, कोरडी सतरंजी घ्या, लांबून ढकला, माणसाला किंवा त्याच्या हातातल्या वस्तूला हात लावला की एकाचे दोन जातात. मी जिन्याच्या तोंडाशी पोचलो तेव्हा सरांनी माझ्या बायकोच्या मागे उभं राहून आपले दोन्ही हात तिच्या हातांवर, त्या ओलसर बांबूवर, घट्ट धरले होते. दोघं मिळून तो आत ओढत होते. बोटभर ओढायचे, थांबायचे. वाऱ्याची झुळूक आली की थांबायचे, पदर खाली पडेपर्यंत. सर तोंडाने काहीतरी मोजत होते. बांबू तोपर्यंत अर्धा आत आला होता. मी एक पाऊल पुढे टाकलं तर सरांनी मान न वळवता म्हटलं, "तुम्ही तिथेच थांबा." मी थांबलो. आयुष्यात इतका निरुपयोगी मी कधी नव्हतो.

गडू आत आला. सरांनी तो काढून जमिनीवर ठेवला, शालूची घडी घातली, ती उलटसुलट झाली. मग ते पाण्याच्या टाकीला टेकून खाली बसले. बायको त्यांच्या शेजारी बसली.  खालून काकू ओरडत होत्या, "झालं का? अहो, झालं का?" उत्तर मीच दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वर आले. माझ्याशी नाही, तिच्याशी बोलले. "वहिनी, माझी चिठ्ठी चुकीची होती. ती परत द्या." तिने दिली. त्यांनी ती फाडली नाही, खिशात ठेवली. मग ते गल्लीत घरोघर गेले आणि दिलेल्या सगळ्या चिठ्ठ्या परत मागून आणल्या. व्यापारी म्हणाले, "पाडवा झाला की सर, आता काय उपेग?" सर म्हणाले, "पुढच्या वर्षी कोणी जुनी काढून दाखवेल." आणि प्रत्येक घरात त्यांनी बाईला विचारलं की तुम्ही गुढी उतरवता कशी, जरा काठीने करून दाखवता का? बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. कोणी अशी दाखवली, कोणी तशी. सर वहीत चित्रं काढत होते. बत्तीस घरांत नऊ तऱ्हा निघाल्या.

त्यानंतर त्यांनी कोणाला "ठीक" लिहून दिलं नाही. अंतर विचारलं तर सांगायचे, पण पुरेसं आहे का विचारलं तर गप्प बसायचे. पाडव्याला चार वाजल्यापासून ते रस्त्यात खुर्ची टाकून बसत, मान वर करून. हळूहळू गल्लीला त्याची सवय झाली. सुतळी सोडण्याआधी वरून हाक यायची, "सर, उतरवतेय हो!" सर उठून उभे राहायचे, हाताने खूण करायचे, आतल्या बाजूला, आतल्या बाजूला. ज्या व्यापाऱ्यांच्या घरात त्यांची चेष्टा व्हायची, त्यांची सून तर सर येऊन उभे राहिल्याशिवाय गाठीला हात लावायची नाही.

आम्ही त्या घरात आणखी बरीच वर्षं राहिलो. माझी झोप तेव्हापासून बिघडली. पहाटे तारा गुणगुणू लागल्या की मी उठून बसायचो. बायको निवांत झोपलेली असायची, आणि मी मनात तो बांबू पुन्हा पुन्हा आडवा करायचो. मला एकच जाणून घ्यायचं होतं, की किती उरलं होतं? सरांनी तिथे उभं राहून टोक पाहिलं होतं, लाल गोल ठाऊक होता, बांबूची लांबी ठाऊक होती. त्यांच्यासाठी ते पाच मिनिटांचं गणित. दोन-तीनदा विचारायचं धाडस केलं, पण ते विषय बदलायचे. मी समजून चुकलो की त्यांनी काढलंय, आकडा भयंकर आहे, म्हणून सांगत नाहीत.

दोन हजार तीनच्या सुमारास आम्ही गंगापूर रस्त्याला फ्लॅट घेतला. त्याच्या वर्षभर आधी गल्लीतल्या उघड्या तारा काढून जाड काळी केबल टाकली गेली होती. ती टाकत असताना सर तीन दिवस खाली उन्हात उभे होते. आम्ही निघालो तेव्हा त्यांना एका डोळ्याने दिसत नव्हतं, खोलीतले दोरेही काकूंनी काढून टाकले होते. टेम्पोत सामान चढलं. आम्ही दोघं नमस्काराला वाकलो. मी विचारायच्या आत बायकोनेच विचारलं.

"सर, त्या दिवशी किती अंतर राहिलं होतं?"



"मी काढलंच नाही," सर म्हणाले. "दोनदा कागद घेतला. बांबूची लांबी लिहिली, कोन लिहिला. पुढे हात चालेना. मला भीती वाटली, पोरी."

ती म्हणाली, "बरं केलंत."

टेम्पोत ती माझ्या शेजारी कुंडी मांडीवर घेऊन बसली होती आणि नव्या घराच्या पडद्यांबद्दल बोलत होती. तिला तो आकडा नको होता, सरांनाही नको होता. ती दोघं तिथे होती. मला तो अजून हवा आहे. मी खाली झोपलो होतो.